नवस केला, लसही टोचली, तरी गाय गेली

पत्र

आक्का, नमस्कार.

मी सांगोला तालुक्यातली. मालक पुण्याकडं कंपनीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. घरी मी, आत्याबाई आणि दोन पोरं. चार गाई होत्या, आता तीन राहिल्यात. थोड्या शेळ्या आहेत. गेल्या पावसाळ्यात लंपीची साथ आली तेव्हा डॉक्टरांनी गावात येऊन सगळ्यांच्या गुरांना लस टोचली. त्यानंतर आठवड्याभरातच आमच्या थोरल्या गाईला ताप चढला आणि अंगभर गाठी उठल्या. औषधपाणी केलं, लिंबाचा पाला उकळून अंग धुतलं. बिरोबाला नवस बोलले की गाय उठली तर आरेवाडीला चालत येईन. रात्र-रात्र तिच्यापाशी बसले. गाय गेली.

आता दुसरी गाय गाभण आहे. तिसरं वेत, आठवा महिना संपत आलाय. डॉक्टर पुन्हा लशीला येणार आहेत. आत्याबाई म्हणतात, सुई टोचली म्हणूनच आपली गाय गेली, ह्या वेळी कुणाला गोठ्यात पाऊल टाकू द्यायचं नाही, देवावर सोड. मालक म्हणतात, विकून टाक सगळ्या. मी रोज दिवा लावते, पण हात जोडवत नाहीत. परवा सप्त्यात कीर्तनकार म्हणाले, मुकं जनावर जसं मालकावर भरवसा ठेवतं, तसा तुम्ही देवावर ठेवा. मला तिथंच रडू फुटलं. माझ्या गाईनं माझ्यावर भरवसा ठेवलाच होता की.

भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचं ते सांगा. आणि गाय वाचलीच नाही, तर तो नवस फेडायचा असतो का?

— एक वाचक

उत्तर

पोरी, तुझ्या पत्रात देवाचा प्रश्न आहे आणि सुईचाही आहे, आणि दोन्हींचा गुंता झालाय. सुईचा आधी सोडवते. तो सुटल्याशिवाय तुझ्या घरात देवाबद्दल कुणी शांतपणे बोलू शकणार नाही.

तुझी गाय लशीनं गेली नाही. लंपी हा देवीच्या रोगाच्या जातीचा विषाणू. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड त्याला एका जनावराकडून दुसऱ्याकडं नेतात. तो अंगात शिरला की लगेच दिसत नाही, गाठी उठायला एक ते चार आठवडे जाऊ शकतात. लशीचंही तसंच. टोचली त्या दिवसापासून गाय सुरक्षित, असं नसतं. अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. तुमच्याकडं साथ शिवेवर आल्यावर लस आली आणि आठवड्याभरात गाठी उठल्या. म्हणजे सुई टोचली तेव्हा रोग बहुधा आधीच अंगात होता. आपल्याकडं लंपीसाठी शेळ्यांच्या देवीची लस वापरली गेली, कारण ते दोन विषाणू भाऊभाऊ आहेत. त्या लशीतून गाईला लंपी होत नाही.

2022 च्या ऑगस्टात जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात साथ दिसली आणि बघता बघता राज्यभर झाली. गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक बंद झाली. तेव्हाही हीच तक्रार गावोगावी ऐकली: लस दिली आणि मगच आजारी पडली. लोक खोटं बोलत नव्हते. त्यांनी जे पाहिलं ते तसंच घडलं होतं, फक्त आधी काय झालं होतं ते डोळ्यांना दिसत नव्हतं. म्हणून लस साथ येण्याआधी द्यायची असते. घटसर्प-फऱ्याची लस आपण पावसाळ्याच्या तोंडावर देतो, तीही त्याचसाठी. तुझ्या गाभण गाईचे दिवस भरत आलेत, तेव्हा तिला आत्ता टोचायची की व्याल्यावर, हे डॉक्टरांना तोंडानं विचार. बाकीच्या दोघींना टोचून घे. गोठ्यात संध्याकाळी धूर कर, गोचीड वेच, शेणाचा ढीग दावणीपासून लांब हलव. माशी कमी झाली तर लंपीची निम्मी लढाई तिथंच होते.

आता आत्याबाई. त्यांच्यावर चिडू नकोस. त्या अडाणीपणानं बोलत नाहीत, भीतीनं बोलतात. घरातली सगळ्यात जास्त दूध देणारी गाय डोळ्यांदेखत गेली की माणूस काहीतरी धरून ठेवायला बघतो, त्यांनी सुईचा राग धरला. त्यांच्याशी लंपीवर वाद घालू नकोस. त्यांना बुळकांडीबद्दल विचार.

तुमच्या पिढीनं ते नावही ऐकलं नसेल. बुळकांडी आली की गावाच्या दावणी रिकाम्या होत. तोंडात फोड, डोळ्यांतून पाणी, हगवण, आणि काही दिवसांत जनावर आडवं. मरीआईला नारळ, गाडा शिवेबाहेर नेऊन सोडणं, हे सगळं लोकांनी केलं, मनापासून केलं. त्याच रोगापायी इंग्रज सरकारनं 1889 मध्ये पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा काढली. ती पुढं हिमालयात मुक्तेश्वरला गेली. स्वातंत्र्यानंतर 1954 पासून सरकारनं ह्या रोगाविरुद्ध मोहीमच काढली. माणसं पिशवीत बर्फ आणि लस घेऊन, सायकलीवर, पायी, गावोगाव फिरली आणि एकेक जनावर धरून टोचत गेली. भारतात बुळकांडीचं शेवटचं जनावर 1995 मध्ये दिसलं. 2011 मध्ये तो रोग सगळ्या जगातून संपल्याचं जाहीर झालं. माणसांतली देवी सोडली, तर पृथ्वीवरून पुसून टाकलेला हा एकच रोग.

आत्याबाईंच्या माहेरी कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला ते दिवस आठवत असतील. त्यांना एवढंच विचार की बुळकांडी कुठं गेली. त्या म्हणतील, मरीआईनं नेली. म्हणू दे. मरीआईनं सुईच्या हातानं नेली असं म्हटलं तरी माझी ना नाही, आणि बहुतेक आत्याबाईंचीही नसेल. ‘देवावर सोड’ हे आपल्या आज्या-पणज्यांनी म्हटलं ते हातपाय चालवून झाल्यावर. पेरणी करून पावसाची वाट बघणाऱ्या माणसानं ते म्हणावं. बी घरात ठेवून आभाळाकडं बघणाऱ्यानं म्हणायचं ते वाक्य नाही.

आता तुझं रडू. कीर्तनकारबुवांचा दाखला ऐकायला गोड आहे, पण त्यांनी गोठ्यातलं शेण काढलेलं नसावं. मालक म्हणजे कोण, हे ज्यानं गुरं पाळलीत त्यालाच ठाऊक. आपण बैलाला वेसण घालतो. वासराला दोन घोट पाजून ओढून बाजूला बांधतो आणि उरलेलं दूध डेअरीला घालतो. खोंड झाला तर तोंड वाकडं करतो. गाय भाकड राहिली की बाजाराचा वार आठवतो. मी हे कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, पोट चालवायचं तर हे करावं लागतं. आपल्या माणसांना ते कळत होतं म्हणून त्यांनी वसुबारस ठेवली. त्या दिवशी उपास करणारी बाई गाईचं दूध-तूप तोंडाला लावत नाही. तुमच्याकडं बेंदराला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतात, त्या दिवशी जू ठेवत नाहीत. वर्षभर ज्याच्याकडून घेतलं त्याच्यापुढं एक दिवस मान खाली घालायची ही रीत आहे. असा मालक देवाच्या जागी बसवला तर देवाची शोभा होणार नाही. गाय आपल्यावर भरवसा ठेवते तो तिचा चांगुलपणा, त्यातून आपली लायकी सिद्ध होत नाही.

तेव्हा तो दाखला सोडून दे. पण तू पत्रात जे वाक्य लिहिलंस, ‘माझ्या गाईनं माझ्यावर भरवसा ठेवलाच होता की’, ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात तू स्वतःला आरोपी केलंयस. गाईनं भरवसा ठेवला, ती मेली, म्हणजे तू भरवसा मोडलास, असा तुझा हिशेब आहे. आणि तोच हिशेब तू देवाला लावतेयस. मी ठेवला, गाय मेली, म्हणजे त्यानं मोडला.

गाईनं तुझ्यावर कसला भरवसा ठेवला होता, ते बघ. तिला जगवशील असा? तिला मरण म्हणजे काय हे कळत होतं का, मला माहीत नाही. पण तुझा पायरव कळत होता. पहाटे तू येतेस, वैरण टाकतेस, पाण्याची बादली पुढं ठेवतेस, कासेला कोमट पाणी लावतेस, हे तिला कळत होतं. तू येशील, हा तिचा भरवसा होता. आणि तू आलीस. गाठी फुटून वास यायला लागला तरी आलीस. तिला मान उचलता येत नव्हती तेव्हा तुझ्या हातानं पाणी पाजलं असशील, पत्रात लिहिलं नसलंस तरी मला दिसतं. त्या गाईचा भरवसा कुणीही मोडलेला नाही.

देवही तसाच येऊन बसतो का, हे मी तुला कागदावर सिद्ध करून देऊ शकत नाही. पण आपल्या मुलखातल्या माणसांनी कसला देव मानला, ते सांगते. जनाबाईबरोबर जात्याला हात लावणारा. तिच्या शेण्या वेचू लागणारा. चोखोबांबरोबर मेलेली ढोरं ओढणारा. चोखोबांच्या वाट्याला ते काम जातीनं लादलं होतं, त्यात गोड काही नव्हतं, आणि त्या कथेत देव मेलेलं ढोर उठवून दाखवत नाही. दुसऱ्या बाजूनं धरून ओढू लागतो. ज्यांनी ही कथा रचली आणि सांभाळली त्यांना चमत्कार सुचले नसतील असं नाही. त्यांना मेलेलं जनावर किती जड असतं ते माहीत होतं.

आता तू विचारतेस, भरवसा ठेवायचा म्हणजे करायचं काय. मला वाटतं, ठेवायचा म्हणून तो ठेवताच येत नाही. तू रोज धार काढतेस. पान्हा कसा येतो ते तुला मी सांगायला नको, तरी सांगते, कारण भरवशाचं मला त्याहून चांगलं काही ठाऊक नाही. कासेला हात लागला, वासरानं ढुशी दिली, ओळखीचा आवाज आला की मेंदूतून एक रस रक्तात उतरतो आणि मिनिटभरात दूध सडात येतं. त्याचा जोर पाच-सात मिनिटंच टिकतो, तेवढ्यात धार काढावी लागते. त्याच वेळी कुणी काठी आपटली, परकं कुत्रं शिरलं, किंवा कालच तिला मारलेलं असलं, तर भीतीचा दुसरा रस उतरतो आणि पान्हा अडतो. आपण म्हणतो, गाईनं पान्हा चोरला. चोरत-बिरत काही नाही, तिला तो सोडताच येत नाही. त्यावर ओरडून उपयोग होत नाही. काही लोक इंजेक्शन टोचून दूध उतरवतात. त्याला कायद्यानं बंदी आहे, तरी चोरून चालतं. दूध येतं खरं, पण गाय पुढं पुढं त्याशिवाय उतरेनाशी होते.

तुझं तेच झालंय. एक घाव बसलाय आणि भरवसा वर चढून बसलाय. ‘श्रद्धा ठेव’, ‘देवाची परीक्षा असते’, ‘मागच्या जन्मीचं असेल’ असं जो तो येऊन टोचून जातो. त्यानं हात जोडले गेले तरी ते इंजेक्शनचं दूध. घेऊ नकोस. दिवा लावतेस ना? तेवढं पुरे आहे. हात जोडवत नसतील तर नको जोडूस. पान्हा न सोडणाऱ्या गाईजवळही आपण रोज त्याच वेळेला जाऊन बसतो, पाठीवर हात फिरवतो, वैरण टाकतो, आणि एक दिवस ती सोडते. किती दिवसांनी, हे कुणी सांगू शकत नाही.

देवावर राग आला असेल तर तोही काढ. तुकोबांच्या घरात 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात काय झालं, हे त्यांनीच लिहून ठेवलंय. धंदा बुडाला, एक बायको अन्न अन्न करत गेली. तो माणूस देवापुढं गप्प बसला नाही. माझ्या लेखी देव मेला, इथपर्यंत बोलला. आणि ते बोलणं वारकऱ्यांनी पुसलं नाही, गाथेत ठेवलं. चारशे वर्षं लोक ते पाठ करतायत. तेव्हा बिरोबापुढं उभं राहून चार शब्द तोडून बोललीस, तर आपल्या परंपरेत ते बसतं.

ह्यावरून नवसाकडं येते. तू बोललीस, गाय उठली तर चालत येईन. गाय उठली नाही. अट पुरी झाली नाही, तेव्हा फेड काही लागत नाही. ‘फेडला नाही म्हणून आता गाभण गाईला त्रास होईल’ असं कुणी म्हटलं तर त्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. दावणीच्या दुसऱ्या जनावरावर वसुली काढायला बिरोबा सावकार नव्हे. मेंढरामागं हिंडणाऱ्या माणसांचा देव आहे तो. कोकरू का मेलं, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

तरीही जावंसं वाटलं तर जा. नवसाचं म्हणून नको. चालत जाणं जमेल असं वाटलं तर चालत, नाहीतर एसटीनं. पोरांना घेऊन जा. तिथं गेल्यावर काही मागावंसं वाटलं नाही, तर मागू नकोस.

नवसाबद्दल माझं एक मत आहे, ते पटलं नाही तर सोडून दे. नवस बोलणं वाईट असं मी म्हणत नाही. माणूस बुडताना हात वर करतो, तसं ते आहे. पण रोगाच्या वेळी नवस बोलला की आपल्या नकळत आपण तराजू मांडतो. इकडं माझं चालणं, तिकडं गाईचा जीव. मग गाय गेली की वाटतं, माझं पारडं हलकं पडलं, मी अजून काही बोलले असते तर वाचली असती. तुझ्या पत्रात हे लिहिलेलं नाही, पण ओळींच्या मधे आहे. पोळा, बेंदूर, वसुबारस, जत्रा, ह्यांत कुठं अट नसते. ते मला देवाशी वागण्याचे बरे दिवस वाटतात.

मालकांचं थोडक्यात. गाई विकायच्या की ठेवायच्या, हा देवाचा प्रश्न नाही, हिशेबाचा आहे. वैरण विकत किती, दुधाचा भाव काय, तुझे कष्ट कोण मोजतं, आणि मालक महिन्यातून एकदा येऊन ठरवणार की रोज उठणारी ठरवणार. तीन महिने वहीत लिही आणि ती वही त्यांच्यापुढं ठेव. दुःखात असताना विकू नका. व्यापाऱ्याला आपला चेहरा वाचता येतो. आणि गेलेल्या गाईचा पंचनामा झाला होता का? 2022 मध्ये लंपीनं मेलेल्या दुधाळ जनावराला 30,000, बैलाला 25,000 आणि वासराला 16,000 रुपये सरकारनं दिले होते. तुमच्या वेळी काय होतं, ते जनावरांच्या दवाखान्यात जाऊन विचार, लाजू नकोस.

आता गाभण गाय. खरं तर मला ह्याबद्दलच लिहायचं होतं, कारण भरवशाचं जे काही शिकायचं ते तुला पुढच्या काही आठवड्यांत गोठ्यातच समोर येणार आहे.

आठवा महिना संपतोय, म्हणजे ती आटवलेली असेल. नसेल तर आजच डॉक्टरांशी बोल. व्यायच्या आधी दोन महिने कासेला विसावा लागतो, तुम्हाला उशीरच झाला म्हणायचा. जागा कोरडी ठेव, खाली भुसा किंवा पाचट घाल, घसरेल अशी फरशी असेल तर तिला तिथं बांधू नकोस. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडले, कास भरली, सडांवर तकाकी आली, की दिवस जवळ आले. त्या दिवसांत मोबाइल चार्ज ठेव आणि डॉक्टरांचा नंबर भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिही, म्हणजे पोरांनाही लावता येईल. 1962 हा फिरत्या दवाखान्याचा नंबर आहे, तोही लिही.

कळा सुरू झाल्या की लांब बस. दिवा मंद ठेव, शेजारपाजाऱ्यांना गोळा करू नकोस. पाणमोट फुटली, पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं, की सगळं सरळ आहे. तेव्हा ओढायची घाई नको. वासरू ओढून काढायचा हात आपल्याला फार शिवशिवतो. तिला कळ येते, ती थांबते, पुन्हा येते. तिचं अंग ते काम जाणतं. आपण तिथं असायचं आणि काही करायचं नाही, हे गोठ्यातलं सगळ्यात अवघड काम. पण एकच पाय दिसला, किंवा शेपटी आधी आली, किंवा पाणमोट फुटून दोन तास झाले तरी पुढं सरकत नाही, तर मग बसून राहायचं नाही, फोन लावायचा. कधी हात बांधून बसायचं आणि कधी धावायचं, ह्या दोन्ही गोष्टी एकाच रात्री कराव्या लागतात. ‘देवावर सोड’ म्हणणाऱ्याला पहिली ठाऊक असते आणि ‘देवबिव काही नाही’ म्हणणाऱ्याला दुसरी. गोठ्यातल्या बाईला दोन्ही येतात. तू हे दोन वेतांना केलेलं आहेस, फक्त त्याला भरवसा म्हणतात हे तुला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरं वेत आणि दुधाळ गाय, म्हणून आणखी एक सांगते. व्याल्यावर एक-दोन दिवसांत ती थरथरली, बसली ती उठेना, मान वळवून बरगडीवर टाकली, कान गार लागले, तर तो दुग्धज्वर. नावात ज्वर असला तरी अंग तापत नाही, उलट गार पडतं. सगळं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं आणि तिच्या अंगात उरत नाही. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सोडतात आणि मेल्यासारखी पडलेली गाय बरेचदा बाटली संपते न संपते तोच ढेकर देते, शेण टाकते, उठून उभी राहते. बघणारे हात जोडतात. मीही जोडलेत. पण तीच बाटली घाईनं सोडली तर काळीज बंद पडून गाय जागच्या जागी जाते. म्हणून डॉक्टर घड्याळ बघत, छातीला नळी लावून, थेंब थेंब सोडतात. मला हात जोडावेसे वाटतात ते गाय उठते त्याला, आणि त्या सावकाश हातालाही. दोन्हींत कुठं रेघ मारायची, ते मला कधी जमलेलं नाही आणि मारावीशीही वाटत नाही. औषध आपण करतो, उठते ती. लंपीच्या वेळी औषध केलंस, उठली नाही. तेव्हाही तुझ्या बाजूचं तू केलंच होतंस.

शेवटचं वासराचं. गाईच्या वारेतून, म्हणजे व्याल्यावर मागून पडते त्या झिल्लीतून, पोटातल्या वासराला रोगाशी लढायची ताकद जात नाही. वासरू अगदी कोरं जन्मतं. जे मिळतं ते चिकातून, आणि तेही पहिल्या दिवसातच. जसजसे तास जातात तसं त्याचं आतडं ते आत घेईनासं होतं. तेव्हा तासा-दोन तासांत पहिला चीक पोटात गेला पाहिजे, आणि दिवसभरात त्याच्या वजनाच्या दहाव्या भागाएवढा. पंचवीस किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर. ‘वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही’ ही आपल्याकडची जुनी रीत वासरांच्या मुळावर येते. वार पडायला सहज आठ-दहा तास लागू शकतात, तेवढ्यात वासराचा वेळ निघून जातो. उलट वासरू प्यायला लागलं की वार पडायला मदतच होते. बारा तासांत पडली नाही तर डॉक्टर. हातानं ओढायची नाही, दगड बांधायचा नाही.

आत्याबाईंना बिरोबाला चिकाचा नैवेद्य दाखवायचा असेल. त्यांना अडवू नकोस, त्यांच्यासाठी वाटी तूच भरून दे. फक्त वासराचं पोट भरल्यावर. आधी वासरू, मग देव, असं सांगितलंस तर रागावतील. तेव्हा असं सांग की देवाचं वासरू आधी. हे चालतं, मी आमच्या घरी चालवून बघितलंय. उरलेल्या चिकाचा खरवस कर आणि पोरांना दे, गेल्या पावसाळ्यापासून त्यांनीही घरात बरंच काही पाहिलंय.

व्याली की कळव. कालवड झाली की खोंड, ते लिही, आणि वार वेळेवर पडली का तेही.

— आक्का